टाळ कोणाच्या हाती

३० डिसेंबर १९३५. मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचं हीरकमहोत्सवी अधिवेशन भरलं होतं. देशोदेशीचे पाहुणे आले होते, भाषणं झडत होती. अशात सोसायटीच्या अध्यक्षांच्या पत्नी मंचावर आल्या त्या भाषण करायला नाही, नाचायला. त्यांचं वय एकतीस. ज्या नाचाचे पहिले कार्यक्रम मुली दहा वर्षांच्या व्हायच्या आत करून मोकळ्या होत, तो नाच त्या नुकत्या कुठे शिकत होत्या. त्यांचे गुरू पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिल्लै. शिष्येने एवढ्यात लोकांसमोर उभं राहणं या गुरूंना पसंत नव्हतं. मग त्यांचे जावई चोक्कलिंगम पिल्लै टाळ घेऊन बसले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा कार्यक्रम झाला.

त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ६ जानेवारी १९३६ ला, त्यांनी शाळा काढली. स्वतः धड शिकून व्हायच्या आधी शाळा काढणं याला आपल्याकडे आगाऊपणा म्हणतात. तो होताच. पण भरतनाट्यम् आज नागपुरापासून न्यू जर्सीपर्यंत गल्लोगल्ली शिकवलं जातं, त्याच्या मुळाशी हा आगाऊपणा आहे.

या गोष्टीत नर्तकीच्या पायांपेक्षा टाळांकडे लक्ष ठेवलेलं बरं. वारकऱ्यांच्या टाळांशी यांचं नातं आहे, पण थोडं दूरचं. वारकऱ्याचे दोन्ही टाळ एका धातूचे असतात. इथे जोडीतला एक पोलादी, दुसरा पितळी. एक स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने त्याच्या कडेवर नेमका आघात करायचा. तोंडाने ‘तै या तै’सारखे बोल चाललेले असतात, समोर नर्तकीची पावलं पडत असतात, आणि मृदंगवाल्याचे कान या आवाजाकडे असतात. हे करणारा तो नट्टुवनार. तो नाच बसवणारा, शिकवणारा आणि कार्यक्रम हाकणारा. टाळ ज्याच्या हाती, कारभार त्याच्या हाती.

कित्येक पिढ्या हे टाळ मोजक्या घराण्यांतल्या पुरुषांच्या हाती होते, आणि त्या घराण्यांचा मोठा आधार होता तंजावरचा मराठी दरबार. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापली. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार भाऊ दरबारात होते. आज भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमात अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा जो क्रम पाहायला मिळतो, तो लावला या चौघांनी. खुद्द सरफोजीराजांच्या नावावर मराठी नृत्यरचना आहेत. ‘निरूपण’ हा त्यांचा प्रकार. एकच कथा, तिच्यावर ओळीने अठरा नृत्यप्रकार, आणि भाषा मराठी. पुण्यामुंबईत बसून ‘दाक्षिणात्य नृत्य’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा तरी लक्षात घ्यावं. मीनाक्षीसुंदरम पिल्लै याच चार भावांच्या वंशातले. अड्यारला १९३५ च्या डिसेंबरात वाजलेले टाळ तंजावरहून आले होते, ते असे.

नाचणाऱ्या स्त्रिया मात्र देवदासी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना दुहेरी ग्रहण लागलं. दरबार गेले होते, मंदिरांकडून मिळणारं मानधन आटत होतं, आणि शहरातल्या सुशिक्षितांना त्यांच्याकडे पाहायचीही लाज वाटू लागली होती. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रास विधान परिषदेत देवदासी प्रथेविरुद्ध आवाज उठवला. त्यांची स्वतःची आई त्याच समाजातली, त्यामुळे त्या बोलत होत्या ते घरचं दुःख होतं. मुंबई इलाख्यात देवदासींबद्दलचा कायदा १९३४ मध्येच झाला, मद्रासेत तो व्हायला १९४७ उजाडलं. या दोन सालांच्या मधली वर्षं म्हणजे एक चमत्कारिक दुकाळ. नाचणारीला नाचायची चोरी, आणि तिच्याकडून शिकायला कोणी तयार नाही. ई. कृष्ण अय्यर नावाचे वकील स्वतः साडी नेसून सदिर करून दाखवत फिरत होते. (सदिर हे या नाचाचं जुनं नाव, ‘भरतनाट्यम्’ हे सोवळं नाव याच दशकात रूढ झालं.) त्यांच्याच खटपटीने मद्रासच्या म्युझिक अकादमीत देवदासी घराण्यातल्या मुलींचे कार्यक्रम होऊ लागले, आणि असाच एक कार्यक्रम पाहायला रुक्मिणीदेवी गेल्या.

तोवरचं त्यांचं आयुष्य एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने ‘जरा अती होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं. जन्म मदुरैचा, २९ फेब्रुवारी १९०४ चा. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी इंजिनिअर, संस्कृतचे जाणकार आणि थिऑसॉफीच्या ओढीने अड्यारला येऊन राहिलेले. मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिने जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टशी लग्न ठरवलं. ते चाळिशी ओलांडलेले. मद्रासच्या ब्राह्मण समाजात भडका उडाला, आणि १९२० मध्ये लग्न लागलं ते मुंबईत, नोंदणी पद्धतीने. काही वर्षांनी सोसायटीच्या तेव्हाच्या अध्यक्षा अॅनी बेझंट यांनी या तरुण मुलीला ‘जगन्माता’ म्हणून जाहीर केलं. ते ओझं तिने घेतलं नाही, हे तिच्या शहाणपणाचं पहिलं लक्षण.

दुसरं लक्षण अॅना पाव्हलोव्हा. विसाच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात बोटीवर या रशियन नर्तकीशी रुक्मिणीदेवींची ओळख वाढली. पाव्हलोव्हाच्याच चमूतल्या क्लिओ नॉर्डीकडे त्यांनी बॅले शिकायला सुरुवातही केली. तुमच्या देशात काय आहे ते आधी पाहा, हा सल्ला पाव्हलोव्हाचा. बाईंनी हा सल्ला आणखी काहीजणांना दिलेला दिसतो. उदय शंकर तिच्याबरोबर राधाकृष्णाच्या बॅलेत नाचले आणि पुढे त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला, म्हणजे मादाम मेनका, यांनाही पाव्हलोव्हाचं प्रोत्साहन होतं. त्या कथक शिकल्या, १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं घेऊन आल्या आणि खंडाळ्याला त्यांनी ‘नृत्यालयम्’ उभं केलं. दमयंती जोशी आणि शिरीन वजिफदार त्यांच्याकडे शिकल्या. बोरघाट चढताना चिक्कीपलीकडे काही आठवत नाही आपल्याला, पण त्या घाटमाथ्यावर घुंगरांची शाळा होती. अल्मोड्याचं केंद्र काय आणि खंडाळ्याची शाळा काय, दोन्ही अल्पायुषी ठरली. अड्यारची टिकली. का टिकली, हा खरा प्रश्न.

एक कारण उघड आहे. जॉर्ज अरुंडेल १९३४ पासून सोसायटीचे अध्यक्ष होते, तेव्हा जागा होती, झाडं होती, माणसं होती. ‘इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ आर्ट्स’ असं भारदस्त नाव घेतलेली शाळा एका झाडाखाली एका विद्यार्थिनीला घेऊन सुरू झाली असं सांगतात. ती विद्यार्थिनी म्हणजे रुक्मिणीदेवींची भाची राधा. हीच पुढे राधा बर्निए म्हणून जाँ रेन्वारच्या ‘द रिव्हर’ या चित्रपटात दिसली आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षं थिऑसॉफिकल सोसायटीची अध्यक्ष होती. ‘कलाक्षेत्र’ हे नाव थोडं मागाहून आलं.

पण जागा आणि पैसा मेनकाबाईंकडेही होताच. फरक असा की रुक्मिणीदेवींना नृत्यमंडळी काढायची नव्हती. त्यांच्या डोक्यात शाळा होती, तीही नुसत्या नाचाची नव्हे. शेजारी बेझंट यांच्या नावाची मुलांची शाळा चालू होती. १९३९ मध्ये अरुंडेल यांच्या आमंत्रणावरून खुद्द मारिया माँटेसोरी अड्यारला आल्या, आणि महायुद्धामुळे भारतातच अडकल्या. सकाळी गणित-भूगोल आणि त्याच आवारात वीणा, मृदंग, संस्कृत, नाच असं ते वातावरण. पोराला वर्गात बसवायचं की अंगणात, हा वाद तिथे नव्हताच, कारण वर्गच अंगणात भरायचा.

नाचाचा वर्ग कसा चालतो ते पाहिलं की बाकीचं कळतं. शिक्षक जमिनीवर बसलेला, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात आखूड काठी. काठी ठोकळ्यावर पडते, टक्, टक्, टक्. समोर सुती साड्या खोचून मुली अर्ध्या बसलेल्या: गुडघे बाहेर, टाचा जुळलेल्या, पाठ ताठ. याला अरैमंडी म्हणतात आणि पहिल्या आठवड्यात मांड्या पेटतात. पहिला अडवू, म्हणजे पावलांचा मूळ धडा, तीन लयींत: एकपट, दुप्पट, चौपट. दहा मुली एकदम आणि दहाही पायांचा आवाज एक. गुरूच्या ओसरीवर एकटी मुलगी शिकत असताना तिच्या अंगाच्या ठेवणीप्रमाणे नाच वळायचा; एकीचा दुसरीसारखा नसायचा. रांगेत उभं केल्यावर ते कसं चालणार? हाताची रेघ सरळ, कोपर एकाच उंचीवर, नजर एका दिशेला. कलाक्षेत्राची जी टोकदार, भूमितीसारखी शैली पुढे नावाजली, काहींनी ‘फार कडक’ म्हणून नाकं मुरडली, ती मला तरी वर्गाच्या आकारातून आलेली वाटते.

मंचही बदलला. जुन्या सदिरमध्ये नट्टुवनार आणि वाजवणारे नर्तकीच्या मागे उभे राहत आणि ती पुढे आली की तेही तिच्या पाठोपाठ पुढे सरकत. रुक्मिणीदेवींनी त्यांना उचलून एका बाजूला बसवलं. प्रकाशयोजना आली, नटराजाची मूर्ती आली. मादाम काझान या इटालियन बाईंच्या मदतीने शिवलेला, पंख्यासारख्या चुण्यांचा पोशाख तयार झाला. हा पोशाख प्राचीन आहे असं आज अनेक आयांना वाटतं. दादरच्या दुकानात तो भाड्याने मिळतो, आणि स्नेहसंमेलनाच्या मोसमात तो मिळवायला आधी नाव नोंदवावं लागतं.

मग चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला ते घडलं. चोक्कलिंगम पिल्लै शाळा सोडून गेले. नट्टुवनार गेला म्हणजे टाळ गेले. टाळ गेले म्हणजे कार्यक्रम उभाच राहू शकत नाही. तोवर शिक्षक बदलला की शाळेची कला त्याच्याबरोबर पिशवीत घालून जायची, हा सगळीकडचाच रिवाज होता. रुक्मिणीदेवी आणि त्यांच्या शिष्या शारदा यांनी टाळ स्वतः उचलले. बायकांनी, तेही ब्राह्मण घरच्या बायकांनी, नट्टुवांगम् करायचं ही गोष्ट त्या काळी नाचण्याइतकीच धक्कादायक होती. निकड होती म्हणून केलं, आणि मग तोच अभ्यासक्रम झाला: कलाक्षेत्रात नाच शिकणाऱ्याने टाळही शिकायचे. बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी नर्तकीही झाली आणि शिक्षिकाही. शाळा टिकली आणि तिची बी रुजत गेली, याचं कारण शोधायचं तर ते या अडचणीच्या दिवसांत सापडतं.

याच घटनेची दुसरी बाजूही आहे. ज्या घराण्यांचं पोट टाळांवर होतं त्यांच्या हातून ते गेले. म्हैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात नाचणाऱ्या गौरी अम्मांकडे रुक्मिणीदेवी शिकल्या आणि त्यांना शाळेत सन्मानाने शिकवायलाही आणलं. तरी गौरी अम्मांच्या समाजातल्या मुली त्या रांगेत फारशा उभ्या राहिल्या नाहीत. आणि जे शिकवलं गेलं ते गाळून घेतलेलं होतं. उघड शृंगाराच्या रचना रुक्मिणीदेवींना खटकत. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि भक्ती पुढे आणली. वीणा धनम्माळ यांची नात टी. बालसरस्वती हिला हे अजिबात मान्य नव्हतं. शृंगार हाच या नाचाचा प्राण, त्याला शुद्ध करायला निघणं हाच त्याचा अपमान, अशी तिची भूमिका. तिने अखेरपर्यंत ती सोडली नाही, आणि पुढे म्युझिक अकादमीत तिनेही शाळा चालवली. या भांडणात न्यायाधीश होण्याचा मोह आवरायला हवा, पण एवढं म्हणता येतं: बालसरस्वती काय जपत होती ते नुसतं वर्गात शिकवून भागणारं नव्हतं, आणि रुक्मिणीदेवींनी काय गाळलं ते गाळल्याशिवाय मद्रासच्या वकील-प्राध्यापकांनी आपल्या मुली पाठवल्या नसत्या.

शाळेचा दुसरा कोपरा मागाचा. पोशाख शिवायचा तर कापड हवं आणि बाजारात चांगलं मिळेना. १९३७ मध्ये विणकामाचा विभाग सुरू झाला. जुन्या पेट्यांमधल्या साड्या बाहेर काढून त्यांचे काठ, त्यांचे रंग नव्याने मागावर चढवले. रुंद, विरुद्ध रंगाचा काठ अंगाशी जोडताना वेगवेगळे धोटे चालवावे लागतात, एकट्याचं ते काम नाही. नाचाकरता सुरू झालेली ही खटपट एवढी वाढली की ‘कलाक्षेत्र साडी’ हे बाजारातलं नाव झालं. आपल्याकडे पैठणी म्हटल्यावर काठ आणि पदर डोळ्यांपुढे येतात, तसं तमिळ घरांत.

गवयांची जमवाजमव तर थक्क करणारी. टायगर वरदाचारी इथे होते आणि १९५० मध्ये इथेच गेले. म्हैसूरचे वासुदेवाचार्य ऐंशी ओलांडल्यावर अड्यारला आले. त्या वयात माणसं नातवंडांना गोष्टी सांगतात. यांनी रामायणाला चाली लावल्या. रुक्मिणीदेवींनी रामायण सहा नृत्यनाटकांत बसवायला घेतलं. पहिलं ‘सीतास्वयंवरम्’ १९५५ मध्ये झालं, शेवटचं १९७० मध्ये. वासुदेवाचार्य १९६१ मध्ये वारले, तेव्हा उरलेलं संगीत त्यांचे नातू राजाराम यांनी पुरं केलं. पंधरा वर्षं एकाच कामाला चिकटून राहायला नृत्यमंडळी पुरत नाही, तिथे संस्थाच लागते. या नाटकांत पुरुषपात्रं होती, म्हणून मुलगे लागले. कथकळीचे चंदू पणिक्कर केरळातून आले आणि १९५३ मध्ये त्यांच्याबरोबर मुलगेही आले, त्यांतला एक व्ही. पी. धनंजयन. ओडिशातून आलेली संयुक्ता पाणिग्रही लहानपणी इथे शिकली आणि घरी जाऊन ओडिसीची मोठी नर्तकी झाली.

अरुंडेल १९४५ मध्ये गेले आणि सोसायटीच्या आवारातलं शाळेचं घर डळमळीत झालं. तिरुवान्मियूरला समुद्राजवळ वाळूची मोकळी जमीन घेऊन शाळा टप्प्याटप्प्याने हलवली गेली; १९६२ मध्ये ते स्थलांतर पुरं झालं. शंभर एकर, लावलेली झाडं, कौलारू आणि शाकारलेल्या वर्गखोल्या. या दरम्यान रुक्मिणीदेवी १९५२ पासून दोन वेळा राज्यसभेवर नामनियुक्त होत्या आणि तिथे त्यांनी जनावरांच्या छळाविरुद्धच्या कायद्याचा पिच्छा पुरवला. तो १९६० मध्ये झाला. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंनी राष्ट्रपतिपदासाठी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. २४ फेब्रुवारी १९८६ ला त्या गेल्या. १९९३ मध्ये संसदेने कायदा करून कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. सरकारी शिक्का बसला तरी गुरू आणि शिष्या यांच्यातल्या अधिकाराचा जुना पेच सुटत नाही: २०२३ च्या मार्चअखेरीस शिक्षकांकडून लैंगिक छळ होत असल्याचा आरोप करत इथल्या विद्यार्थ्यांनी आवारातच धरणं धरलं, आणि देशभर त्याची चर्चा झाली.

टाळांचा एक फेरा मात्र आपल्या बाजूने पुरा झाला. १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी, पहिल्या चिमणाबाईंशी झालं. वधूबरोबर नाचणाऱ्या, नट्टुवनार आणि वादक असा ताफाही तंजावरहून आला आणि संस्थानच्या कलावंत कारखान्यात नोकरीला लागला. त्यांचीच पुढची पिढी म्हणजे कुबेरनाथ तंजोरकर: आई नर्तकी, वडील नट्टुवनार, आडनावात गाव. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्याचा विभाग सुरू झाला तेव्हा शिकवणाऱ्यांत ते होते. त्याच विभागात कलाक्षेत्रातून शिकून आलेल्या अंजली मेढ आल्या, आणि त्यांच्यानंतर कलाक्षेत्राचेच सी. व्ही. चंद्रशेखर. इकडे मुंबईत नृत्यगुरू पार्वतीकुमारांनी सरफोजीराजांची मराठी निरूपणं तंजावरच्या हस्तलिखितांतून काढून मंचावर बसवली आणि सुचेता भिडे-चापेकर ती नाचल्या.

बडोद्याच्या एकाच विभागात मग दोन्ही वाटांचे टाळ होते. दरबारी ताफ्यातले होते आणि अड्यारच्या वर्गातलेही, आणि रोज सकाळी समोर उभ्या राहिलेल्या मुलींपैकी बहुतेकींची घरची भाषा गुजराती किंवा मराठी.